जीर्णपात्रसंधान : गंजलेल्या बाष्पपात्रांच्या दुरुस्तीचा इतिहास

१. प्रास्ताविक

छांदोग्योपनिषदाच्या चौथ्या अध्यायाच्या सतराव्या खंडांत यज्ञांतील वैगुण्य कसें दूर करावें याचा विचार आला आहे. ऋत्विजांच्या हातून कांहीं चुकलें तर यज्ञाला जणूं क्षत पडतें, आणि तें भरून काढण्याचें काम ब्रह्मा नांवाच्या ऋत्विजाकडे असतें. हें समजावून देतांना उपनिषत्कारांनीं जो दृष्टांत घेतला आहे तो कारागिराच्या कामाचा आहे. लवणानें सोनें सांधावें, सोन्यानें रुपें, रुप्यानें कथील, कथलानें शिसें, शिशानें लोह, आणि लोहानें व चामड्यानें लांकूड, अशी ती परंपरा आहे. श्रीशंकराचार्यांनीं येथील लवण शब्दाचा अर्थ टंकणादि क्षार असा केला असून त्याचें कारणहि दिलें आहे : तो क्षार कठिणाला मृदु करतो. टंकण म्हणजे आपल्या सोनाराच्या पेटींतला टांकणखार.

हा दृष्टांत बारकाईनें पाहिला तर त्यांत दोन गोष्टी दिसतात. पहिली ही कीं, फुटलेलें सांधणें ही स्वतंत्र विद्या आहे. घडविणाराच ती जाणतो असें नाहीं. दुसरी ही कीं, संधान करणारा पदार्थ आणि सांधला जाणारा पदार्थ यांचें एकमेकांशीं जुळावें लागतें. वाटेल त्यानें वाटेल तें सांधत नाहीं. प्रस्तुत लेखांत या दोन गोष्टींचा मागोवा एका अर्वाचीन विषयांत घ्यावयाचा आहे. तो विषय म्हणजे वाफेच्या किंवा दाबाखालील द्रव्यांच्या लोखंडी पात्रांची भिंत गंजून झिजली असतां ती पुन्हा कशी भरून काढीत आले, आणि त्यांत माणसांनीं कोणत्या चुका केल्या.

ताम्रपट, बखरी व पोथ्या यांत रमणाऱ्या वाचकांना हा विषय परका वाटण्याचा संभव आहे. परंतु या इतिहासाचीं साधनेंहि कागदच आहेत : चौकशीसमोरच्या जबान्या, तपासणीच्या वह्या, नोंदणीचे दाखले. तीं साधनें आपल्या डोळ्यांदेखत रद्दींत जात आहेत. हा लेख लिहिण्याचें मुख्य निमित्त तेंच आहे.

२. प्राचीन संधानप्रकार व त्यांची मर्यादा

आपल्याकडे धातु सांधण्याचे जे प्रकार चालत आले ते चार वर्गांत बसतात. पहिला, डाक देणें किंवा झाळणें, म्हणजे सहज वितळणारा दुसरा धातु फटींत भरणें. दुसरा, लोखंडाला ताव देऊन घणाखालीं एकजीव करणें. तिसरा, खिळा ठोकून पत्र्यावर पत्रा जखडणें. चौथा, लेप लावून सांधा बुजविणें.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वज्रलेपाचा अध्याय आहे. त्यांत झाडांचे डिंक, फळें इत्यादिकांच्या लेपांबरोबर मयानें सांगितलेला म्हणून वज्रसंघात दिला आहे : शिसें आठ भाग, कांसें दोन भाग व पितळ एक भाग, हीं एकत्र वितळवावीं. हा पहिल्या वर्गांत पडतो. दुसऱ्या वर्गाचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण दिल्लीचा लोहस्तंभ. सहा टनांहून अधिक वजनाचा हा स्तंभ ओतलेला नसून लोखंडाचे गोळे तापवून एकावर एक घडवून केलेला आहे. विजापुरास हा भेद एकाच गांवांत पाहावयास सांपडतो. मलिक-इ-मैदान ही तोफ १५४९ सालीं अहमदनगरास ओतली. ती कांशाची आहे. उलट उपळी बुरुजावरची लांब तोफ लोखंडी पट्ट्या जुळवून त्यांवर कडीं चढवून घडविली आहे.

चौथ्या वर्गाचा विचार रसशास्त्राच्या ग्रंथांत विशेष आढळतो, कारण बंद भांड्यांत वाफ कोंडण्याची गरज तेथेंच होती. डमरुयंत्रांत दोन मडकीं तोंडास तोंड लावून सांधा लेपानें बंद करतात. पारा वर चढतो तो निसटूं नये हा हेतु. रसरत्नसमुच्चयांत वह्निमृत्स्ना म्हणून जो लेप सांगितला आहे त्यांत खडू, मीठ व लोहकिट्ट हीं म्हशीच्या दुधांत खलावयाचीं आहेत. येथें लोहकिट्टाची योजना लक्षांत घेण्यासारखी आहे. कारण एकोणिसाव्या शतकांत विलायतेंतील यंत्रकार वाफेच्या नळांचे सांधे बुजवितांना लोखंडाचा कीस, नवसागर व थोडा गंधक यांचा लेप वापरीत. कीस गंजून फुगे आणि सांधा घट्ट होई. एकापासून दुसरें निघालें असें मुळींच म्हणावयाचें नाहीं. गरज सारखी असली म्हणजे हात सारख्याच वस्तूकडे जातो, एवढेंच यावरून दिसतें.

आतां एक खुलासा अवश्य केला पाहिजे. प्राचीन ग्रंथांत संधान शब्द दिसतांच आधुनिक वेल्डिंग आपल्याला ठाऊक होतें असें प्रतिपादन करणारे कांहीं उत्साही लेखक आहेत. वर सांगितलेल्या चारही प्रकारांत मूळ लोखंड स्वतः वितळून पातळ होत नाहीं. डाक देतांना फक्त डाकाचा धातु वितळतो. घणाखालीं लोखंड मऊ होतें, पण पाण्यासारखें वाहत नाहीं. मूळ भिंतीचा कांठ वितळवून त्यांत नवें वितळलेलें लोखंड मिसळणें ही क्रिया निराळी असून तिला लागणारी उष्णता विजेच्या ठिणगीवांचून किंवा ऑक्सिजनच्या ज्योतीवांचून मिळत नव्हती. पूर्वजांचा गौरव त्यांनीं केलेल्या कामावरच उभा राहावा.

३. बाष्पपात्राची भिंत

ह्यू लिंडसे ही वाफेची बोट १८२९ सालीं मुंबईस बांधली गेली, आणि १८३० च्या मार्चच्या २० तारखेस ती सुवेजेकडे निघाली. १८५३ च्या एप्रिलच्या १६ तारखेस बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी गेली. पुढच्याच वर्षीं कावसजी दावर यांनीं मुंबईत कापडाच्या गिरणीची कंपनी उभी केली. या तिहींच्या पोटांत एकच वस्तु होती : बॉयलर, म्हणजे लोखंडी पत्रे वांकवून, कांठावर कांठ चढवून, रिव्हेटांनीं जखडलेलें बंद पात्र.

या पात्राची भिंत किती ताण सोसते हें तीन गोष्टींवर अवलंबून असतें : आंतील दाब, पात्राचा व्यास, आणि पत्र्याची जाडी. दाब व व्यास वाढले कीं ताण वाढतो. जाडी वाढली कीं कमी होतो. शिवाय लांबट गोल पात्रांत उभ्या सांध्यावर जो ताण येतो तो आडव्या वलयाकार सांध्याच्या दुप्पट असतो. म्हणून पात्र फाटावयाचें तर बहुधा लांबीनें फाटतें. गंज लागणें म्हणजे जाडी कमी होणें ; दाब मात्र तोच राहतो. पाण्यांत विरघळलेला प्राणवायु पत्र्याला देवीच्या व्रणांसारखे खड्डे पाडतो. जेथें पत्रा तापून व निवून पुन्हा पुन्हा वांकतो तेथें कांठाकांठानें खांच पडत जाते. क्षारांचा थर आंतून बसला म्हणजे पाणी पत्र्याला थंड ठेवूं शकत नाहीं, व तापलेला पत्रा फुगून बाहेर येतो.

पात्र फुटलें असतां अनर्थ कां होतो हेंहि समजून घ्यावें. दाबाखालील पाणी शंभर अंशांच्या कितीतरी वर तापलेलें असून द्रवरूपांत असतें. भिंत फाटतांच दाब नाहींसा होतो, त्या पाण्याचा मोठा अंश एकदम वाफ होतो, आणि उघड्या हवेंत ती वाफ मूळ पाण्याच्या सुमारें सोळाशें पट जागा मागते.

वेल्डिंगपूर्व काळांत झिजलेल्या भिंतीवर उपाय दोनच होते. गळणाऱ्या सांध्याचा कांठ बोथट छिन्नीनें ठोकून बसवावयाचा, नाहीं तर खराब भाग कापून त्यावर नव्या पत्र्याचें ठिगळ रिव्हेटांनीं बसवावयाचें. माझ्या लहानपणीं घरांतील पाणी तापविण्याच्या तांब्याच्या बंबाचा तळ झिजला असतां तांबटानें सांगितलेलें मला आठवतें : पातळावर जाड लावलें तर कांठाशीं तुटेल, जाडावर पातळ लावलें तर ठिगळच जाईल. पुढील हकीकतींत हेंच वाक्य अधिक भयंकर रीतीनें पटेल.

४. सुल्ताना नौकेचें ठिगळ

अमेरिकेंतील यादवी युद्ध १८६५ च्या एप्रिलांत संपत आलें होतें. दक्षिणेच्या अँडरसनव्हिल व कहाबा येथील छावण्यांतून सुटलेले उत्तरेचे युद्धकैदी घरीं पोंचविण्यासाठीं मिसिसिपी नदीवरील व्हिक्सबर्ग बंदरांत जमा केले होते. त्यांना नेण्यासाठीं जी सुल्ताना नांवाची वाफेची नौका आली ती १८६३ सालीं सिनसिनाटी येथें बांधलेली होती. तिच्यांत चार बॉयलर असून प्रत्येक अठरा फूट लांब व शेहेचाळीस इंच व्यासाचा होता. नौकेला ३७६ माणसें नेण्याचा परवाना होता. चढविलीं दोन हजारांहून अधिक. कारण माणशीं भाडें सरकारकडून मिळावयाचें होतें.

व्हिक्सबर्गला पोंचतांना एका बॉयलरचा पत्रा सांध्यापाशीं फुगून गळूं लागला होता. तेथील बॉयलर दुरुस्त करणाऱ्या कारागिरानें काम मोठें आहे, खराब पत्रे काढून नवे बसविले पाहिजेत, असें सांगितलें. परंतु त्यास वेळ लागला असता, आणि तोंवर कैदी दुसऱ्या नौकेनें गेले असते. अखेरीस कप्तान मेसन याच्या आग्रहास्तव सव्वीस इंच लांब व अकरा इंच रुंद असें ठिगळ बसवून काम भागविलें. मूळ पत्रा इंचाच्या १७/४८ भाग जाड होता. ठिगळ पाव इंच, म्हणजे १२/४८, होतें. फुगवटी आधीं ठोकून सपाट करावयास हवी होती, तेंहि झालें नाहीं.

२७ एप्रिलच्या पहांटे दोनच्या सुमारास मेंफिसच्या वर कांहीं मैलांवर बॉयलर फुटले. नौका पेटली. नदीला पूर आला होता व पाणी थंड होतें. मृतांची त्या वेळची एक सरकारी गणती १,५४७ होती ; अलीकडे नांवनिशीवार याद्या ताडून पाहणाऱ्या अभ्यासकांनीं ती सुमारें १,१७० पर्यंत खालीं आणली आहे. दोहोंपैकीं कोणतीहि घेतली तरी अमेरिकेच्या इतिहासांतील हा सर्वांत मोठा नौकापघात ठरतो. कप्तानहि त्यांतच गेला.

आतां पुराव्याकडे वळूं. सेंट लुई येथील नौकांचे तपासनीस विट्झिग यांनीं साक्षींत असें सांगितलें कीं, या बॉयलरांना दर चौरस इंचास १४५ पौंड दाबाचा परवाना असला तरी पाव इंच जाडीचें ठिगळ बसल्यावर तो १००.४३ पौंडांवर आणावयास हवा होता. हा आंकडा कोठून आला हें ताडून पाहतां येतें. १८५२ च्या अमेरिकन कायद्यानें बेचाळीस इंच व्यास व पाव इंच जाडी असलेल्या पात्रास ११० पौंड हें प्रमाण ठरविलें होतें. व्यास शेहेचाळीस इंच धरला तर ११० गुणिले ४२ भागिले ४६, म्हणजे बरोबर १००.४३ येतात. तेव्हां साक्षीदार अंदाजानें बोलत नव्हता. तो कायद्याचें त्रैराशिक मांडीत होता.

परंतु येथेंच सावधपणा हवा. स्फोट ठिगळापासूनच सुरू झाला असें मात्र या त्रैराशिकानें सिद्ध होत नाहीं. त्या वेळच्या लष्करी चौकशांचा कल बॉयलरांत पाणी कमी असल्याकडे होता. नौका वर जड होऊन कलंडत असल्यानें पाणी एका बाजूस जात असावें, नदीच्या गाळाचा थर बसला असावा, पत्र्याची जातच ठिसूळ असावी, हीं कारणेंहि पुढें आलीं. माझ्या मतें निर्णय असा करावा : ठिगळ हें एकमेव कारण मानण्यास पुरावा पुरत नाहीं, पण दुरुस्तीनंतर दाब कमी केला नाहीं, हा दोष निर्विवाद आहे. दुरुस्तीनें पात्राची योग्यता बदलली होती, आणि परवान्याच्या कागदावर तो बदल उतरला नव्हता. गर्दीबद्दल ज्या एका अधिकाऱ्यावर लष्करी खटला झाला त्याचीहि शिक्षा पुढें रद्द झाली. ठिगळाबद्दल कोणालाच शिक्षा झाली नाहीं.

५. कायद्याचा उदय

हा प्रश्न आपल्याकडेहि अनोळखी नव्हता. १८६३ सालीं कलकत्त्यास बॉयलर फुटून प्राणहानि झाली, व १८६४ सालीं बंगालच्या कौन्सिलानें कलकत्ता शहर व उपनगरें यांतील बॉयलरांच्या तपासणीचा कायदा केला. पुढें इतर प्रांतांनींहि आपापले कायदे केले. हिंदुस्थानांत असे सात निरनिराळे कायदे झाल्यावर एका प्रांताचा उत्तीर्ण बॉयलर दुसऱ्या प्रांतांत अनुत्तीर्ण ठरूं लागला. म्हणून १९२० सालीं समिति नेमली गेली, १९२१ सालीं तिचा अहवाल आला, आणि १९२३ चा हिंदी बॉयलर कायदा झाला. हा कायदा शंभर वर्षांहून अधिक काळ चालला. २०२५ सालीं संसदेनें त्याच्या जागीं नवा कायदा केला.

१९२३ च्या कायद्यांतील दोन कलमें आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचीं आहेत. नोंदलेल्या प्रत्येक बॉयलरास क्रमांक देऊन तो त्यावर कायमचा उमटविला पाहिजे, हें एक. मुख्य तपासनीसाच्या लेखी परवानगीवांचून त्याच्या बांधणींत फेरफार, भर किंवा नवीकरण करतां कामा नये, हें दुसरें. पहिल्यानें पात्राला नांव मिळालें, दुसऱ्यानें चरित्र.

अमेरिकेंत हेंच काम दुसऱ्या एका अपघातानें झालें. १९०५ च्या मार्चच्या २० तारखेस मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील ब्रॉक्टन गांवीं जोड्यांच्या कारखान्यांतील बॉयलर फुटून ५८ माणसें मेलीं. कांठावर कांठ चढविलेल्या उभ्या सांध्यांत चीर पडली होती, पण ती दोन पत्र्यांच्या मध्यें असल्यानें बाहेरून दिसत नव्हती. १९०७ सालीं त्या संस्थानानें बॉयलरांचे नियम केले, आणि त्यांतून पुढें अमेरिकन यंत्रशास्त्रज्ञांच्या संस्थेची बॉयलरसंहिता तयार होऊन १९१५ सालीं प्रसिद्ध झाली.

६. वितळलेल्या लोखंडानें भिंत भरणें

विजेच्या कमानीनें धातु वितळवून सांधण्याची क्रिया निकोलाय बेनार्दोस या रशियन संशोधकानें १८८१ च्या सुमारास सिद्ध केली. त्याच्या पद्धतींत कमान कोळशाच्या कांडीनें होई. स्लाव्यानोव यानें १८८८ सालीं कोळशाऐवजीं धातूचीच कांडी योजिली. ती स्वतः वितळून सांध्यांत उतरे, म्हणजे कमान करणारी कांडी व भर घालणारी कांडी एकच झाली. ऑक्सिजन व ॲसिटिलीन यांची ज्योत विसाव्या शतकाच्या आरंभीं फ्रान्समध्यें हातीं आली.

पण उघड्या तारेच्या या सांध्यांत एक वैगुण्य होतें. वितळलेल्या लोखंडाचा थेंब कांडीपासून भिंतीपर्यंत येतांना हवेंतील प्राणवायु व नत्रवायु ओढून घेई. त्यामुळें भरलेलें लोखंड ठिसूळ व सच्छिद्र होई. वरून सांधा भरलेला दिसे, आंत तो पावासारखा असे. दाबाच्या पात्राला असा सांधा निरुपयोगी.

यावर तोड काढणारा गृहस्थ बॉयलरच्या दुरुस्तींतूनच आला हें येथें मुद्दाम सांगितलें पाहिजे. स्वीडनचा ऑस्कर शेलबर्ग हा वाफेच्या जहाजांवर काम केलेला यंत्रज्ञ होता. रिव्हेटांचे सांधे गळूं लागले म्हणजे फटींत बारीक खिळे ठोकून वेळ मारून नेत, तें त्यानें पाहिलें होतें. १९०४ सालीं गोथेनबर्ग येथें त्यानें विद्युत्-संधानाची कंपनी काढली. लोखंडी तार खनिजांच्या, मुख्यतः कार्बोनेटें व सिलिकेटें यांच्या, दाट कालवणांत बुडवून वाळवावी, ही त्याची युक्ति. तिचें पेटंट १९०७ सालचें आहे. तार वितळतांना लेप जळून थेंबाभोंवतीं वायूचें व मळीचें आवरण करतो, हवेला आंत येऊं देत नाहीं, आणि सांध्यावर मळीचा पापुद्रा बसून तो हळूहळू निवतो.

छांदोग्याच्या भाष्यांतील टंकणाची आठवण येथें झाल्यावांचून राहत नाहीं. सोनाराचा टांकणखारहि वितळून धातूवर पसरतो, मळ खातो आणि हवा दूर ठेवतो. साम्य तत्त्वाचें आहे, वारशाचें नव्हे. पण संधान ज्याच्या साहाय्यानें होतें तो तिसरा पदार्थ सांध्यांत न राहतां निघून जातो, हें दोन्हीकडे सारखेंच खरें आहे.

यानंतर गंजलेल्या खड्ड्यांत थरावर थर घालून मूळ जाडी परत आणणें शक्य झालें. ठिगळाचा दुहेरी कांठ, रिव्हेटांचीं भोंकें, त्यांतून होणारी गळ, सर्वच टळलें. १९१७ सालीं अमेरिका महायुद्धांत उतरली तेव्हां तिच्या बंदरांत अडकलेल्या जर्मन जहाजांच्या खलाशांनीं इंजिनांचीं ओतीव नळकांडीं आधींच फोडून ठेविलीं होतीं. तीं नवीं ओतण्यास फार काळ लागला असता. विद्युत्-संधानानें तीं थोड्या महिन्यांत कामास लावलीं. या यशानें वेल्डिंगची प्रतिष्ठा वाढली. तथापि दाबाच्या पात्रांचे मुख्य सांधे वेल्डिंगनें करण्यास अमेरिकन संहितेनें १९३१ सालीं संमति दिली ती क्ष-किरणांनीं सांध्याचें अंतरंग तपासण्याची अट घालूनच. डोळ्यांना न दिसणारा सांधा केवळ कारागिराच्या शब्दावर घेणें नाहीं, हा ब्रॉक्टनचा धडा होता.

७. कांठावरची चीर : १९८४

वेल्डिंगनें पूर्वींचे दोष गेले, परंतु एक नवा दोष आला. तो कसा घातक होतो याचें सर्वांत चांगलें अभ्यासिलेलें उदाहरण अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानांत शिकागोनजीक लेमाँट व रोमियोव्हिल या गांवांपाशीं असलेल्या युनियन ऑइल कंपनीच्या तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांत घडलें.

तेथें सुमारें अठरा मीटर उंच, अडीच मीटरांवर व्यास व २५ मिलिमीटर जाड भिंत असलेलें पोलादी उभें पात्र १९७० सालीं चालू झालें. प्रोपेन व ब्यूटेन या ज्वालाग्राही वायूंतून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायु काढून टाकण्याचें काम त्यांत चाले ; दाब दर चौरस इंचास सुमारें २०० पौंड. या वायूमुळें पोलादावर जी क्रिया होते तींत हायड्रोजनचे अणु भिंतींत शिरतात. आंत ते एकत्र जमले कीं पोलाद पापुद्रे सुटून फुगतें. चारच वर्षांत भिंतीच्या एका वलयाला असे फोड आले. १९७४ सालीं तें वलय कापून काढून त्याच जागीं उभ्या पात्रांत नवें वलय वेल्डिंगनें बसविलें.

सांधा स्वतः वाईट नव्हता. दोष होता तो त्याच्या कांठाशीं. वेल्डिंगच्या वेळीं सांध्यालगतची अरुंद पट्टी अतिशय तापते व भोंवतींच्या थंड पत्र्यामुळें झटकन निवते. तापलेलें पोलाद झटकन निवालें कीं कठिण होतें. लोहार तरवारीला पाणी देतो तें हेंच. तरवारीला तें भूषण, पात्राला दूषण. शिवाय सांधा आकसतांना आजूबाजूचा पत्रा खेंचून धरतो, आणि तो ताण पात्र रिकामें असतांनाहि भिंतींत राहतो. सर्व सांधा सुमारें सहाशें अंशांपर्यंत हळूहळू तापवून हळूहळू निवूं दिला म्हणजे कठिणपणा उतरतो व ताण मोकळा होतो. या पात्राच्या बाबतींत दुरुस्तीनंतर तें केलें गेलें नव्हतें.

कठिण पोलादाचें हायड्रोजनशीं मुळींच जमत नाहीं. आंतल्या बाजूनें त्या कठिण पट्टींत चीर पडली आणि दहा वर्षें ती सांध्याच्या कांठाकांठानें सरकत गेली. १९८४ च्या जुलैच्या २३ तारखेस संध्याकाळीं एका कामगाराला पात्राच्या बुडाशीं सहा इंचांच्या चिरेंतून वायु सुटतांना दिसला. तो झडप बंद करूं लागला तोंच चीर दोन फुटांवर गेली. कारखान्याचें आग विझविणारें पथक येऊन पोंचत होतें तेव्हां वायूनें पेट घेतला. पात्र आडवें फाटून त्याचा वरचा सुमारें चौदा मीटरांचा भाग उडाला आणि एक किलोमीटर दूर जाऊन पडला. सतरा माणसें मेलीं. त्यांत दहा आग विझविणारे होते.

चौकशी राष्ट्रीय मानक-संस्थेच्या धातुशास्त्रज्ञांनीं केली. फुटण्यापूर्वींच चिरेनें भिंतीच्या जाडीचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पोखरला होता असें त्यांनीं दाखवून दिलें. फाटलेला सांधा आडवा होता, म्हणजे ज्यावर निम्माच ताण येतो तो. वाचकांनीं तिसऱ्या कलमांतील नियम आठवावा. वायूच्या दाबानें त्या ठिकाणीं येणारा ताण पोलादाच्या शक्तीच्या अल्पांशानेंहि कमी होता. तरी तें तेथेंच फाटलें, कारण दुरुस्तीनें भिंतीचा स्वभाव तेथें बदलला होता. जाडी पुरी भरली होती ; नवें लोखंड जुन्याइतकेंच, किंबहुना त्याहून अधिक, बळकट होतें. आणि हा जादा बळकटपणाच कांठाला भोंवला.

८. उपसंहार

सुल्तानाचें ठिगळ मूळ पत्र्यापेक्षां दुबळें होतें, लेमाँटचा सांध्याचा कांठ मूळ पत्र्यापेक्षां कठिण होता. पोथ्या राखणाऱ्यांना ही गोष्ट नवी नाहीं. किडलेल्या पानाला विरविरीत कागद लावला तर तो टिकत नाहीं. जाड चिवट कागद लावला तर पान ठिगळाच्या कांठाशीं दुमडून तेथेंच तुटतें. माझ्या संग्रहांतील एका पोथीचीं चार पानें अशाच अतिउत्साही दुरुस्तीनें गेलीं आहेत, आणि ती दुरुस्ती माझ्याच हातची होती, हें कबूल केलें पाहिजे.

आज या विद्येचे जाणते कारागीर व तपासनीस जो क्रम पाळतात तो या सर्व अपघातांचें सार आहे. प्रथम नादलहरींनीं भिंतीची जाडी जागोजागीं मोजतात. गंजाचें कारण शोधतात. कारण न काढतां भरलेला खड्डा पुन्हा पडतो. निकृष्ट धातु घासून निर्दोष धातूपर्यंत पोंचतात, व चीर उरली नाहीं याची खात्री करतात. भिंतींत हायड्रोजन मुरला असेल तर ती तापवून तो घालवितात. कांड्या कोरड्या राहाव्या म्हणून तापत्या पेटींत ठेवितात, कारण लेपांतील ओल म्हणजेच हायड्रोजन. पात्र आधीं कोमट करून मग वेल्डिंग करतात, आणि जरूर तेथें शेवटीं पुन्हा तापवून ताण उतरवितात. अखेर पाणी भरून नेहमींच्याहून अधिक दाब देऊन पाहतात. थंड पाणी दबून फारसें आकसत नाहीं, म्हणून पात्र फुटलें तरी स्फोट होत नाहीं. आणि हें सर्व लिहून ठेवितात.

या शेवटल्या वाक्यासाठींच मीं हा प्रपंच केला. छांदोग्यांतील ब्रह्मा हा ऋत्विज यज्ञांतील नेहमींच्या आहुति स्वतः देत नाहीं. तो काय चाललें आहे तें पाहतो, चुकलें तें ओळखतो, आणि क्षत भरून काढतो. त्याला चुकलेलें ठाऊक नसेल तर तो काय सांधणार ? पात्र कोठें झिजलें, कोठें भरलें, कोणत्या कांड्या वापरल्या, तापविलें कीं नाहीं, हें पुढच्या माणसाला कळलें नाहीं तर तो अज्ञानानेंच झडपेपाशीं उभा राहतो.

मुंबईच्या गिरण्यांत १९८२ च्या जानेवारीच्या १८ तारखेस जो संप सुरू झाला त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. बॉयलर भंगारांत गेले. त्यांच्याबरोबर तपासणीच्या वह्या, नोंदणीचे दाखले, दुरुस्तीचे नकाशे व परवानग्यांचीं पत्रें रद्दींत जात आली आहेत. यांत कोणत्या पात्राला कोणत्या सालीं रिव्हेटाचें ठिगळ बसलें आणि कोणत्या सालीं पहिल्यानें वेल्डिंग झालें, म्हणजे ही विद्या आपल्या कारागिरांच्या हातांत केव्हां व कशी उतरली, याचा प्रत्यक्ष पुरावा आहे. तो दुसरीकडे कोठें मिळावयाचा नाहीं. सनदा व महजर जमविणाऱ्या मंडळींनीं जुन्या बाजारांत हिंडतांना काळ्या तेलाचे डाग पडलेली अशी एखादी वही दिसली तर ती हलकी म्हणून टाकून देऊं नये, ही माझी विनंति आहे. तिच्या पानोपानीं एकाच प्रश्नाचें उत्तर लिहिलेलें असतें : ही भिंत अजून माणसांच्या शेजारीं उभी राहण्यास योग्य आहे कीं नाहीं.